तुलेची परीक्षा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोखंडी सळयांनीं भरलेल्या मालमोटारी ज्या प्रचंड कांट्यावर उभ्या राहतात, त्याला आपले लोक धर्मकांटा म्हणतात. हा शब्द प्रथम कोणीं वापरला असेल तो असो. त्यानें भाषेवर उपकारच केले आहेत. वजन करणें हें काम यंत्राचें. परंतु तें करतांना घेणाऱ्याचा किंवा देणाऱ्याचा पक्ष घ्यावयाचा नाहीं, हें काम धर्माचें, ही जाणीव त्या एका समासांत सांठविलेली आहे. शिवाय या धर्मावर आपल्या लोकांचा विश्वास आंधळा नसतो. मोंढ्यांत सोयाबीन किंवा तूर घेऊन आलेला शेतकरी पोतें कांट्यावर चढण्यापूर्वीं आंकडा शून्यावर आहे कीं नाहीं तें पाहतो, आणि शंका आली तर ‘एकदां रिकामा कांटा दाखवा’ असें सरळ म्हणतो. अडत्याला त्यांत अपमान वाटत नाहीं, मापाड्यालाहि वाटत नाहीं. इलेक्ट्रॉनिक कांट्याची दर बारा महिन्यांनीं वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते व तसा शिक्का त्यावर असावा लागतो, हें शाळा न शिकलेल्या माणसालाहि ठाऊक असतें. पोत्यामागें पाव किलोचा प्रश्न असला तरी तुलेची परीक्षा मागण्याचा हक्क येथें सर्वमान्य आहे.

मौज अशी कीं, जेथें पाव किलोचा नव्हे, तर माणसाच्या अब्रूचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असतो, तेथें हा हक्क कोणी मागत नाहीं. जालना जिल्ह्यांत एखादा गुन्हा घडला म्हणजे रक्ताची बाटली, व्हिसेराची बरणी, रक्ताळलेले कपडे असा मुद्देमाल मोहोरबंद होऊन सामान्यतः छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. कांहीं काळानें तेथून एक कागद येतो. त्यावर नमुना कोणता, तो केव्हां मिळाला, मोहोर शाबूत होती काय, आणि निष्कर्ष काय, एवढें असतें. ज्या यंत्रानें तो निष्कर्ष दिला तें यंत्र त्या दिवशीं नीट चालत होतें कीं नाहीं, हें त्या कागदावर सहसा वाचावयास मिळत नाहीं. आणि विचारावयासहि कोणी जात नाहीं.

आमचे एक स्नेही येथील न्यायालयांत पुष्कळ वर्षें वकिली करीत आहेत. एकदां बोलतां बोलतां ते म्हणाले, “साक्षीदार फुटतो, पंच फिरतो, फिर्यादी विसरतो; यंत्र मात्र शपथेवांचून खरें मानलें जातें. त्याची उलटतपासणी झालेली मीं पाहिली नाहीं.” आमचा व्यवसाय रसायनशास्त्र शिकविण्याचा. त्यामुळें हें वाक्य ऐकून आम्ही थोडे दचकलों. यंत्राशीं ज्याचा रोजचा संबंध येतो, त्याला तें इतकें निःशंकपणें खरें मानतां येत नाहीं. मनुष्य थकतो तसें यंत्रहि थकतें. त्याचा दिवा मंदावतो, नळी मळते, तबकडी कलते. फरक एवढाच कीं, थकलेला मनुष्य चांचरतो, थकलेलें यंत्र पूर्वींच्याच आत्मविश्वासानें आंकडा सांगतें.

वकिलांचा सर्वस्वीं दोष आहे असें नाहीं. कायद्याची रचनाच तशी आहे. सरकारी शास्त्रीय तज्ज्ञाचा अहवाल, तज्ज्ञाला साक्षीस न बोलावतां, पुरावा म्हणून वाचतां येतो, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २९३ व्या कलमांत होती; १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ व्या कलमांत ती तशीच पुढें चालू आहे. न्यायालयास वाटल्यास तज्ज्ञाला बोलावतां येतें, हें खरें. परंतु काय विचारावयाचें हेंच जेथें माहीत नाहीं, तेथें बोलावण्याची इच्छा कशी व्हावी? दुसऱ्या बाजूनें नव्या संहितेच्या १७६ व्या कलमानें, सात वर्षें किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानें घटनास्थळीं गेलेंच पाहिजे असें ठरविलें असून, राज्यांनीं पांच वर्षांच्या आंत ही तरतूद लागू करावयाची आहे. म्हणजे यापुढें न्यायाचा भार माणसाच्या जिभेवरून यंत्राच्या कांट्यावर अधिकाधिक सरकणार. हा बदल इष्ट आहे असेंच आम्हांस वाटतें. पण म्हणूनच कांट्याकडे पाहण्याची वेळ आली आहे.

हा विचार परदेशांतून आलेला, नव्या शिक्षणाचा, असें कोणास वाटेल, तर त्यानें आपलींच जुनीं पुस्तकें उघडून पाहावीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत वजनें लोखंडाचीं किंवा मगध व मेकल देशांतील दगडाचीं करावीं असें सांगितलें आहे. कारण तीं पाण्यानें वाढत नाहींत आणि उष्णतेनें घटत नाहींत. दर चार महिन्यांनीं त्यांची तपासणी करवावी, आणि न तपासलेलीं वजनें वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड करावा, असेंहि तो सांगतो. परंतु त्याहूनहि आमच्या विषयाला जवळचें स्थळ आहे तें दिव्यप्रकरणांतील. चालुक्यांच्या कल्याणीस, सहाव्या विक्रमादित्याच्या काळीं, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. आपल्या दख्खनचाच हा ग्रंथ. त्यांत तुलादिव्याचें सविस्तर वर्णन आहे. आरोपीला एका पारड्यांत बसवून दुसऱ्यांत दगडमाती घालून तोलावयाचें, खालीं उतरवावयाचें, आणि तुलेची प्रार्थना झाल्यावर पुन्हां तोलावयाचें. दुसऱ्या वेळीं तो हलका भरला तर निर्दोष, जड भरला तर दोषी.

या दिव्यावर आज कोणी विश्वास ठेवणार नाहीं, ठेवूंहि नये. पण त्याची व्यवस्था लावणाऱ्यांची सावधगिरी पाहावी. तुलेची परीक्षा करण्यासाठीं वाणी, सोनार आणि कांसार यांना नेमावें, असें ही टीका जुन्या स्मृतिवचनांच्या आधारें सांगते. पुरोहिताला नव्हे, राजपुरुषाला नव्हे, तर ज्यांचें पोट तराजूवर अवलंबून आहे त्यांना! दांडी समतल आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिच्यावर पाणी ओतावें व तें कोणत्याहि बाजूस वाहून जात नाहीं याची खात्री करावी. आणि विष्णुस्मृति तर म्हणते कीं, मध्येंच शिंकें तुटलें किंवा दांडी मोडली, तर त्या मनुष्याला पुन्हां तुलेवर चढवावें. म्हणजे यंत्र बिघडलें तर परीक्षा रद्द. बिघाडाचा दोष माणसाच्या माथीं मारावयाचा नाहीं. ज्यांची परीक्षाच मुळांत असिद्ध होती, त्यांनाहि उपकरणाविषयींचे तीन नियम सुचले: त्या कामांतल्या जाणकारांकडून तपासणी, वापरण्यापूर्वीं तपासणी, आणि बिघाड झाल्यास फेरपरीक्षा. आमची परीक्षा सिद्ध आहे. मग आमचे नियम त्यांच्याहून ढिले असावेत काय?

नियम ढिले नाहींत, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. चांगल्या प्रयोगशाळेंत काय केलें जातें याची वाचकांस थोडी कल्पना द्यावी, म्हणजे काय विचारावें हें कळेल. पहिला तराजू. तो सपाट बैठकीवर आहे हें त्यांतल्या बुडबुड्यावरून पाहतात. मग ज्याचें वजन निश्चित माहीत आहे असें प्रमाणित वजन त्यावर ठेवून आंकडा वहींत लिहितात. तेंच वजन तबकडीच्या चारी कोपऱ्यांत ठेवून पाहतात. तराजू खरा ठरला कीं त्याच्या साह्यानें पिपेट तपासतात. एक मिलिलिटर पाणी २० अंश सेल्सियसला ०.९९८ ग्रॅम भरतें. तेव्हां पिपेटनें दहा वेळां पाणी सोडून दहा वेळां तोललें, म्हणजे ती किती चुकते आणि नेहमीं एकाच बाजूला चुकते काय, हें दोन्ही समजतें. प्रकाशाच्या शोषणावरून पदार्थ मोजणाऱ्या यंत्रांत होल्मियम ऑक्साइडची कांच ठेवतात. ती ठराविक तरंगलांबींनाच प्रकाश गिळते, त्यांतली एक ३६१ नॅनोमीटरच्या जवळ आहे. यंत्रानें दुसराच आंकडा दाखविला, तर सरकलें आहे तें यंत्र, कांच नव्हे. रेणूंचे तुकडे करून तोलणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला याच रीतीनें एक ओळखीचा द्रव देतात. त्याचे ६९, २१९ आणि ५०२ वस्तुमानांचे तुकडे ठरलेल्या जागीं दिसलेच पाहिजेत. सगळ्याचें तत्त्व एकच: अज्ञाताविषयीं विचारण्यापूर्वीं ज्ञाताविषयीं विचारावें. ज्या साक्षीदाराला आपणांस माहीत असलेल्या गोष्टीहि बरोबर सांगतां येत नाहींत, त्याला माहीत नसलेल्या गोष्टी कशाला विचाराव्या?

रक्तांतील मद्यार्काचें उदाहरण घेऊं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. तपासणींत रक्ताचा थोडा भाग बंद कुपींत ऊन करून वर जमलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफमध्यें सोडतात. प्रत्येक कुपींत प्रोपॅनॉल नांवाचा दुसरा एक मद्यार्क सारख्याच प्रमाणांत घातलेला असतो. कांहीं कारणानें वाफ कमीअधिक गेली तर दोन्ही सारखेच कमीअधिक होतात, आणि त्यांचें गुणोत्तर ढळत नाहीं. आरोपीच्या नमुन्याच्या मागेंपुढें ज्ञात प्रमाणाचीं द्रावणें असतात, आणि मद्याचा लेशहि नसलेला कोरा नमुनाहि असतो. कोऱ्या नमुन्यांत यंत्राला मद्य दिसलें, तर तें कोठून आलें हें कळेपर्यंत पुढें जावयाचें नाहीं. शेवटचें ज्ञात द्रावण ठरलेल्या हद्दीबाहेर गेलें, तर त्या फेरींतील सगळेच निष्कर्ष बाजूला ठेवावयाचे. कोऱ्या नमुन्याला कमी लेखूं नये. १९९३ पासून सोळा वर्षें जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्स येथील सुमारें चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणीं एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सांपडत होता. खून, चोऱ्या, घरफोड्या, सर्वत्र तीच! २००९ सालीं उलगडा झाला कीं, ती नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या भरणाऱ्या कारखान्यांतील एक निरपराध कामकरी स्त्री होती. कोऱ्या काड्यांची तपासणी वेळींच झाली असती, तर ही मायावी गुन्हेगार जन्मासच आली नसती.

यंत्राच्या तपासणींतील तपासणी राहिली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत घडलें. तेथें श्वासावरून मद्य मोजणाऱ्या यंत्रांची जुळणी करतांना मद्यार्काचें द्रावण ३४ अंश सेल्सियसवर ठेवून त्याची वाफ यंत्राला देतात. द्रावणाचें तपमान एका अंशानें वाढलें तर वाफेंतील मद्य सुमारें साडेसहा टक्क्यांनीं वाढतें. म्हणून तें तपमान राष्ट्रीय प्रमाणाशीं जुळविलेल्या वेगळ्या तपमापकानें पाहावें, असा दंडक होता. एका अधिकाऱ्यानें ही पायरी गाळल्याचा आरोप झाला. यंत्रें चुकीचीं होतीं असें कोणीं सिद्ध केलें नव्हतें. तीं बरोबर होतीं असें सिद्ध करण्याचा मार्ग मात्र नाहींसा झाला होता. २०१८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा यंत्रांवर झालेल्या २०,६६७ लोकांच्या चांचण्या पुराव्यास अग्राह्य ठरविल्या. त्यांत खरोखरच मद्य पिऊन गाडी हांकणारे पुष्कळ असतील. एका तपमापकाच्या हयगयीनें निरपराध्याचें संरक्षण गेलें आणि अपराध्याला तें मिळालें. न्यायाचें नुकसान दोन्हीं बाजूंनीं झालें.

येथें आमच्या वकील स्नेह्यांचा आक्षेप नोंदविणें प्राप्त आहे. ते म्हणतात, “हीं कुलुपें तुम्ही आरोपीच्या वकिलाच्या हातीं देतां. तो प्रत्येक खटल्यांत तराजूच्या वह्या मागवील, तारखा लांबवील, आणि चोर सुटतील.” आक्षेप हलका नाहीं. प्रयोगशाळांवर कामाचा बोजा आहे, आणि कागद वाढविणें म्हणजे न्याय वाढविणें नव्हे. परंतु या आक्षेपांत एक गृहीत दडलेलें आहे: यंत्राची शंका नेहमीं आरोपीच्याच उपयोगाची, हें तें गृहीत. आम्हांस तें मान्य नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत सांपडतें.

एखादी सासुरवाशीण अकस्मात् मरते. माहेरचे म्हणतात विष दिलें. सासरचे म्हणतात पोटांत दुखत होतें. व्हिसेरा प्रयोगशाळेंत जातो आणि उत्तर येतें: ‘विष आढळलें नाहीं.’ गांवांत त्याचा अर्थ एकच होतो: विष नव्हतें. बापाचें तोंड बंद होतें. त्याच्याच आरोपाला खोटेपणाचा डाग लागतो. परंतु ‘आढळलें नाहीं’ आणि ‘नव्हतें’ हीं दोन वाक्यें एक नव्हेत. प्रत्येक पद्धतीला कमींत कमी कितीं दिसतें याची एक सीमा असते. कांहीं विषें शरीरांत विघटन पावतात. कांहीं, मुद्दाम शोधलीं नाहींत तर, नेहमींच्या चांचणींत दिसतच नाहींत. चाळणीचें भोंक केवढें हें सांगितल्यावांचून, खसखस नव्हती असें चाळणाऱ्यानें म्हणूं नये. ज्ञात प्रमाणांत तेंच विष मिसळलेला नमुना त्याच दिवशीं त्याच यंत्रावर चालविला होता काय, आणि यंत्रानें तो ओळखला होता काय, हा प्रश्न येथें आरोपीचा नाहीं. तो मेलेल्या मुलीचा आहे. तिच्या वतीनें तो विचारावयास दुसरें कोणी उरलेलें नसतें.

उलट बाजूनें, यंत्र निर्दोष असलें म्हणजे झालें, असेंहि कोणीं समजूं नये. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल आपल्याकडीलच आहे. १९६१ सालीं धुळ्याकडे मोटारीचा अपघात झाला; चालकाचें रक्त धुळ्याच्या सरकारी रुग्णालयांत घेतलें गेलें आणि कित्येक दिवसांनीं मुंबईस रासायनिक परीक्षकाकडे पोंचलें. खटल्यांत वाद माजला तो परीक्षकाच्या उपकरणांविषयीं नव्हे. मधल्या दिवसांत ती कुपी कोणाच्या ताब्यांत, कोठें आणि कशी होती, याविषयीं. हा प्रश्न रसायनशास्त्राच्याहि दृष्टीनें रास्त आहे. रक्त उबेंत राहिलें तर जंतूंमुळें त्यांतलें मद्य घटूं शकतें किंवा नवें निर्माणहि होऊं शकतें. सोडियम फ्लोराइड कुपींत घालतात तें याचसाठीं. यंत्र आपल्या तोंडांत आलेल्या थेंबाविषयीं बोलतें. तो थेंब वाटेंत काय झाला हें त्याला ठाऊक नसतें. आपल्या न्यायालयांनीं मोहोर आणि ताबा यांविषयीं जी चिकित्सा साठ वर्षांपूर्वींच केली, तीच एक पाऊल पुढें, प्रयोगशाळेच्या दारांतून आंत नेली पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें.

तें पाऊल फार मोठें नाहीं. अहवालावर तीन ओळी वाढवाव्या. यंत्राची शेवटची तपासणी केव्हां झाली आणि तें ठरलेल्या हद्दींत होतें काय, ही पहिली. निष्कर्षांत किती इकडेतिकडे होऊं शकतें, ही दुसरी. इंग्लंडांत रक्तांतील मद्याच्या आंकड्यांतून, तो १०० पर्यंत असल्यास ६ मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक असल्यास ६ टक्के आधींच वजा करतात. ३० ची मर्यादा आणि ३१ चा निष्कर्ष यांमधल्या एका मिलिग्रॅमवर माणसाला तुरुंगांत पाठविण्यापूर्वीं हा हिशेब आपल्याकडेहि उघड मांडला जावा. आणि ‘आढळलें नाहीं’ असें लिहितांना, किती असतें तर आढळलें असतें, ही तिसरी. ही माहिती आपल्या वह्यांत ठेवणें मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना आंतरराष्ट्रीय मानकानुसार बंधनकारकच असतें. ती कपाटांतून कागदावर यावी इतकाच प्रश्न. याचसाठीं ज्या विश्लेषकाचें काम चोख आहे त्याला या ओळींचें भय नाहीं. उलट त्याच्या अहवालाला त्या कवचासारख्या होतील, आणि तारखा लांबविण्याची सबबहि त्यानेंच कमी होईल.

आम्ही विद्यार्थ्यांना तराजूपुढें उभे करतों तेव्हां त्यांना प्रथम शून्य पाहावयास सांगतों, आणि पुष्कळांना तें कंटाळवाणें वाटतें. त्यांना आंकडा हवा असतो. मोजण्यापूर्वींच्या शून्याकडे पाहण्यांत एक प्रकारचा नम्रपणा आहे. दुसऱ्याविषयीं कांहीं बोलण्यापूर्वीं आपण स्वतः कोठें उभे आहों हें तपासून घेणें, असा त्याचा अर्थ. यांतले दोघेचौघे पुढें सरकारी प्रयोगशाळांत जातील. एखादा वकील होईल, एखादी न्यायाधीशहि होईल. त्यांच्यापुढें एक दिवस ओळखदेख नसलेल्या माणसाच्या नशिबाचा कागद येईल. त्या वेळीं त्यांनीं आंकडा वाचण्यापूर्वीं शून्य विचारलें, तर या महाविद्यालयांत त्यांनीं घालविलेलीं वर्षें फुकट गेलीं नाहींत, असें आम्ही समजूं.